एकोणतीस नंबरची जागा

एकोणतीस नंबरच्या बसचं काहीतरी बिनसलंय हे माझ्या लक्षात आलं, ते ती फारच वेळेवर धावायला लागली तेव्हा.

मी शहर बससेवेच्या विश्लेषण विभागात काम करते. तिसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या डाव्या हाताला आमची लांबट खोली आहे. समोरच्या भिंतीवर मोठा पडदा आणि त्यावर शहराचा नकाशा. प्रत्येक बसमध्ये चालकाच्या डोक्याच्या वर, छताला, एक जीपीएस यंत्र बसवलेलं असतं. ते दर दहा सेकंदांनी आपली जागा कळवतं आणि पडद्यावरचा हिरवा ठिपका तेवढा पुढे सरकतो. थांब्यावरून बस ठरल्या वेळेच्या फार तर एक मिनिट आधी किंवा फार तर पाच मिनिटं नंतर निघाली, तर ती वेळेवर. त्याच्या बाहेर गेली की नाही. अशा शहरभरच्या सगळ्या वेळा गोळा करून महिन्याच्या शेवटी मार्गागणिक टक्का काढायचा, हे माझं काम. मी संख्याशास्त्र शिकले आहे आणि मला हे काम आवडतं.

खऱ्या बसच्या वेळा विखुरलेल्या असतात. कधी सिग्नल लागतो, कधी दारात कोणाची पिशवी अडकते, कधी पुढे मालाची गाडी आडवी उभी असते. त्या वेळांचा आलेख काढला की तो टेकडीसारखा दिसतो. एकोणतीसचा आलेख खिळ्यासारखा होता. दिवसाला चार खेपा, खेपेला अकरा थांबे, म्हणजे रोजच्या चव्वेचाळीस वेळा. आणि सलग तीन आठवडे त्यातली एकही वीस सेकंदांपेक्षा जास्त चुकली नव्हती.

मग मी वेग पाहिला. या बसने तीन आठवड्यांत ताशी पाच किलोमीटर दोनशे मीटरच्या वर वेग घेतलेला नव्हता. त्याला एक कारण होतं. एकोणतीसचं वेळापत्रक ज्या वर्षी केलं, त्या वर्षी तो सगळा रस्ता गटारासाठी उकरलेला होता. पाण्याच्या टाकीपासून इस्पितळापर्यंतच्या तीन किलोमीटर चारशे मीटरना पंचेचाळीस मिनिटं लागतात, असं तेव्हा मोजलं गेलं. पुढे रस्ता बुजवला, वेळापत्रक तसंच राहिलं. बस लवकर पोचते म्हणून कोणी तक्रार करत नाही. चालक थांब्याथांब्यावर वर्तमानपत्र वाचून ती वेळ भरून काढायचे.

वेगाचं एक वेळ समजून घेता आलं असतं. पण ही बस रोज सकाळी सहाव्या थांब्यानंतर रस्ता सोडून बागेत शिरायची, पाण्याच्या नळाजवळ चाळीस सेकंद उभी राहायची आणि पलीकडच्या फाटकातून बाहेर पडायची. त्या फाटकात दोन खांब आहेत. त्यांच्यामधलं अंतर ऐंशी सेंटिमीटर आहे.

हे सगळं मी आमच्या विभागप्रमुखांना दाखवलं. त्यांना सगळे टक्केसाहेब म्हणतात, तोंडावरसुद्धा, आणि त्यांना त्याचं वाईट वाटत नाही. त्यांनी आलेख पाहिला, चष्मा काढून पुन्हा पाहिला आणि चांगलं चाललंय तर उगाच दृष्ट लावू नका म्हणाले. मी फाटकाचं अंतर सांगितलं. त्यावर त्यांनी मला नियम क्रमांक चारची आठवण करून दिली. हा नियम त्यांनी स्वतः लिहिलेला आहे आणि खोलीत दाराच्या वर लावलेला आहे : जिथे यंत्र, तिथे बस.

त्या मार्गावरच्या लोकांच्या तक्रारी येत होत्या, नाही असं नाही. बस गेले अकरा महिने आलेली नाही, असं लोक लिहायचे. आमचं ठरलेलं उत्तर असे, की आपण नमूद केलेल्या वेळी बस थांब्यावर हजर होती, त्या वेळी आपण हजर होतात काय, हे कृपया कळवावे. अशी चाळीसेक उत्तरं मीच टाइप केली होती. म्हणून मग एका सकाळी मी रजेचा अर्ज दिला आणि तिसऱ्या थांब्यावर, छापखान्यासमोर, जाऊन उभी राहिले.

थांब्यावरच्या पाटीवर अक्षरं आली : २९ येत आहे. रस्त्यावर बस दिसत नव्हती. मग अक्षरं बदलली : २९ थांब्यावर. आणि माझ्यासमोर माझे बाबा येऊन थांबले.

त्यांच्या हातात आमच्या घरामागची काळी सायकल होती. ते तिच्यावर बसलेले नव्हते, ती हाताने ढकलत होते. पुढच्या टोपलीत आईच्या जुन्या टॉवेलात गुंडाळलेलं यंत्र होतं, त्याचा अँटेना तेवढा बाहेर. कॅरिअरवर स्कूटरची बॅटरी दोरीने आवळून बांधली होती आणि तिच्यापासून टोपलीपर्यंत वायर नेली होती, ती मात्र फार नीट, दर वीतभर अंतरावर चिकटपट्टी लावून. बाबांनी घड्याळ पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, चालक आरशातून प्रवाशाकडे पाहतो तसं.

“येणार आहेस का?” त्यांनी विचारलं.

मी नाही म्हणाले.

“मग जरा मागे सर. वेळ झाली.”

त्यांनी घंटी वाजवली आणि ते निघाले. मी माझं घड्याळ पाहिलं. चार सेकंदांचा फरक होता.

बाबा तीन वर्षांपूर्वी बससेवेतून निवृत्त झाले. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय म्हणून गेले दोन महिने रोज सकाळी ते फिरायला जातात, एवढंच मला माहीत होतं. संध्याकाळी घरी मी हा विषय काढला तेव्हा कळलं की आईला पहिल्या दिवसापासून सगळं ठाऊक आहे. ती दर रविवारी तो टॉवेल धुते.

“फिरायला जातो म्हणाले, आणि फिरतायतच की,” आई म्हणाली. “खोटं काय आहे त्यात?”

मग बाबांनी सांगितलं. एकोणतीसची बस अकरा महिन्यांपासून डेपोत विटांवर उभी होती. गिअरबॉक्सचा एक तुकडा यायचा होता. डेपोचे प्रमुख गेली कित्येक वर्षं कुठल्याही प्रश्नाला सुटे भाग आलेले नाहीत एवढंच उत्तर देतात, म्हणून त्यांना सुटेभाग असंच नाव पडलं आहे. सुरुवातीला त्यांनी यंत्र काढून मार्गावरच्या न्हाव्याच्या दुकानात ठेवलं होतं, तेव्हा बस पडद्यावर दिसायची पण हलायची नाही. मग पत्र आलं की जी बस तीस दिवस मार्गावर फिरलेली दिसणार नाही, ती नोंदीतून काढली जाईल आणि तिचा मार्गही तिच्याबरोबर बंद होईल. तेव्हा सुटेभाग बाबांकडे आले आणि आमच्या ओट्यावर बसून अर्धा तास रडवेलं तोंड करून राहिले. बाबांनी सायकल पुसायला घेतली.

“मी काय बस नाही गं,” बाबा म्हणाले. “तिची जागा धरून ठेवलीय फक्त. ती बरी होऊन येईपर्यंत. मी उठलो तर गेली.”

मी विचारलं, मग सायकलवर बसून का जात नाही? बसून गेलं की लवकर पोचतो आणि लवकर पोचणं हीसुद्धा चूकच धरतात ना तुमच्याकडे, असं ते म्हणाले. तुमच्याकडे म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

त्यांनी का पाहिलं नाही हे मला माहीत होतं. पाच वर्षांपूर्वी, नोकरीतल्या माझ्या पहिल्याच महिन्यात, मी शहरातल्या चारशे बारा चालकांची वक्तशीरपणाप्रमाणे यादी केली होती. यादीत नावं नव्हती, बिल्ल्यांचे क्रमांक होते. सगळ्यांत शेवटचा क्रमांक होता अकराशे सत्त्याऐंशी. तो बिल्ला आमच्या दाराशेजारच्या खिळ्यावर मी लहानपणापासून लटकलेला पाहत होते. मी गणित तीनदा तपासलं. ते बरोबर होतं. मी यादी पाठवली. बाबांना बस सोडून डेपोत किल्ल्यांच्या कपाटाशेजारच्या खुर्चीवर बसवलं आणि त्यांची शेवटची दोन वर्षं त्या खुर्चीवर गेली. घरी ते याबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. फक्त तो बिल्ला खिळ्यावरून नाहीसा झाला आणि तिथे छत्री आली.

ते उशीर का करायचे, तेही मला नंतर कळलं. कोणी धावत येताना दिसलं की ते थांबायचे. आमच्या पडद्यावर ते असं दिसायचं : बस उभी आहे, कारण नाही.

“आता कसे शंभर टक्के?” मी विचारलं.

“आता थांबायचं कोणासाठी?” बाबा म्हणाले. “आत कोणी नाही, बाहेर कोणी नाही. अशी बस कोणीही वेळेवर चालवेल.”

मी टक्केसाहेबांना काही सांगितलं नाही. मला त्यांनी काही विचारलंही नाही.

पण हे फार दिवस चाललं नाही, कारण एकोणतीसला प्रवासी मिळाले. पहिल्या होत्या भूगोलाच्या बाई. त्यांनी शाळेत एकतीस वर्षं भूगोल शिकवला होता आणि आता त्या दर सकाळी गुडघ्यांच्या व्यायामासाठी इस्पितळात जायच्या. आठवडाभर त्या छापखान्याच्या थांब्यावर उभ्या राहून पाटी वाचत होत्या. आठव्या दिवशी बाबा थांबले तेव्हा त्यांनी पाटीकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं आणि आपली पिशवी टोपलीत यंत्राशेजारी ठेवली. बाबांनी त्यांना सांगून पाहिलं की बाई, ही बस नाही. त्यावर बाईंनी त्यांना वर्गातल्या मुलाला समजावतात तसं समजावलं. नकाशात एखादी गोष्ट आहे आणि जमिनीवर दिसत नाही, असं झालं तर आधी जमीन नीट बघायची असते. त्यांनी नीट बघितलं होतं आणि थांब्यावर बाबांशिवाय दुसरं काही नव्हतं.

“तेव्हा तुम्हीच,” बाई म्हणाल्या. “चला.”

त्या बाबांच्या मागोमाग चालत इस्पितळात गेल्या. दुसऱ्या दिवशीही गेल्या. मग छापखान्यामागच्या दवाखान्यात रात्रपाळी करून परत निघालेली एक परिचारिका, तिथलाच एक चष्मेवाला, दोन कारकून आणि पालिकेच्या रोपवाटिकेतलं एक जोडपं असे एकेक करून सहा जण आणखी आले. एकट्याने एवढं चालवत नाही, पण बस आहे म्हटल्यावर माणूस निघतो, असं चष्मेवाला म्हणाला. ते आपापल्या थांब्यावर चढत आणि आपापल्या थांब्यावर उतरत. म्हणजे मागे चालू लागत आणि चालायचे थांबत. कारकुनांपैकी एकजण नेहमी सगळ्यांत पुढे, बाबांच्या डाव्या हाताला असायचा, कारण त्याला बस लागायची आणि पुढे वाऱ्याला बरं वाटायचं. बाईंचे गुडघे सुधारायला लागले होते. व्यायाम लागू पडतोय, येत राहा, असं इस्पितळातून त्यांना सांगण्यात आलं.

नेमकं त्याच सुमारास समितीचं परिपत्रक निघालं. एकच नवी बस आली होती. पुढच्या महिन्यात जो मार्ग पंच्याण्णव टक्के किंवा त्याहून जास्त वेळा वेळेवर धावेल, आणि ज्याची बस सगळ्यांत जुनी असेल, त्याला ती मिळणार होती. एकोणतीसची बस सगळ्यांत जुनी होती. टक्क्यांचा तर प्रश्नच नव्हता. सुटेभाग ती बातमी घेऊन आमच्या घरी आले आणि त्यांनी बाबांचे दोन्ही हात हातात घेतले. बाबांनी हिशेब केला की सव्वीस दिवस काढले की झालं. बाईंना बसायला जागा मिळेल आणि आपण सुटलो.

मी हिशेब केला तो असा. सव्वीस दिवसांच्या एकंदर अकराशे चव्वेचाळीस वेळा. त्यांतल्या सत्तावन्न चुकल्या तरी चालणार होतं. अठ्ठावन्नावी चुकली की नवी बस गेली.

मागच्या महिन्यात एकही चुकली नव्हती. पण मागचा बहुतेक महिना बाबांच्या मागे कोणी नव्हतं. आता परिचारिकेची पाळी लांबायची, रोपवाटिकेतली बाई घराला कुलूप लावलं का ते बघायला परत जायची, आणि बाबा उभे राहायचे. पहिल्या आठवड्यात नऊ वेळा चुकल्या, दुसऱ्यात चौदा. मी रोज घरी येऊन आकडा सांगायचे. बाबा मान हलवायचे, उद्या बघतो म्हणायचे. एकदा चिडून मी म्हणाले की बाबा, एक महिनाभर कोणासाठी थांबू नका, त्यांच्याच भल्यासाठी आहे. ते म्हणाले की बरोबर आहे तुझं. दुसऱ्या दिवशी सहा वेळा चुकल्या.

शेवटच्या दिवशी सकाळी आकडा पन्नासवर होता. पहिल्या तीन खेपा सुरळीत पार पडल्या. चौथी खेप टाकीपासून वेळेवर निघाली, दुसरा थांबाही वेळेवर सुटला. आमच्या खोलीत टक्केसाहेब माझ्या खुर्चीमागे उभे होते. ते सहसा येत नाहीत, पण एकोणतीस हा त्यांचा लाडका मार्ग झाला होता. ठिपका छापखान्याच्या थांब्यावर आला आणि थांबला.

एक मिनिट झालं. दोन झाली. बाबा मार्गावर असताना फोन जवळ ठेवत नाहीत, चालकाला ती बंदी आहे. मी घरी फोन केला.

“थांबलेत म्हणजे कोणीतरी येत असणार,” आई म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

पाचवं मिनिट उलटलं तेव्हा मला माहीत होतं की संपलं. इथून उशीर झाला की पुढचे सगळे थांबे उशिराचे. हा धरून नऊ. ठिपका अकरा मिनिटं उभा होता. मग तो हलला आणि हळूहळू, नेहमीपेक्षाही हळू, इस्पितळाच्या दिशेने जाऊ लागला. एकोणसाठ. चौऱ्याण्णव पूर्णांक चौऱ्याऐंशी शतांश टक्के.

आमच्या यंत्रणेत एक सोय आहे. उंच इमारतींमुळे किंवा ढगांमुळे यंत्राचा संपर्क तुटला असं वाटलं, तर तेवढ्या नोंदी वगळता येतात. त्यासाठी एकच कळ दाबावी लागते. टक्केसाहेब हळू आवाजात म्हणाले की उंच इमारतींत असं होतं कधीकधी. मी म्हणाले की तिथे उंच इमारत नाही, छापखाना आहे, बैठा.

“एक मजला तर आहे ना?” ते म्हणाले.

मी कळीवर बोट ठेवून बसले. ती बस नाही, सायकल आहे, हे मला माहीत होतं. म्हणजे अकराशे चव्वेचाळीसच्या अकराशे चव्वेचाळीस नोंदी खोट्या होत्या आणि त्यांतल्या नऊ वगळायला माझं मन घेत नव्हतं. नंतर मला वाटलं की नाही, खऱ्या याच नऊ आहेत. पाच वर्षांपूर्वी मी असंच गणित तीनदा तपासलं होतं आणि ते बरोबर होतं, पण त्या गणितात बस कारणाशिवाय उभी होती.

मी कळीवरून बोट काढलं. तक्त्यात उजवीकडे एक नवा रकाना केला, वर ‘कारण’ असं लिहिलं आणि त्या नऊ ओळींसमोर नऊ वेळा टाइप केलं : प्रवासी येत होता. मग अहवाल पाठवून दिला. टक्केसाहेब आपल्या खोलीत गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं.

संध्याकाळी घरी कळलं की बाई इस्पितळाच्या कागदांची पिशवी घरीच विसरल्या होत्या. अर्ध्या वाटेवरून त्या परत फिरल्या आणि शक्य तितक्या लवकर आल्या. गुडघे सुधारले असले तरी ते धावण्याइतके नव्हते. दुरून त्यांनी बाबांना जा, जा असा हात केला होता. बाबांना वाटलं त्या बोलावतायत.

“खरंच तसं वाटलं?” मी विचारलं.

“चष्मा बदलायला झालाय,” ते म्हणाले.

नवी बस मिळाली ती डेपोच्या मागच्या फाटकातून निघून पुढच्या फाटकाशी संपणाऱ्या मार्गाला. त्याचा टक्का अठ्ठ्याण्णव होता. सुटेभाग दोन दिवस कामावर आले नाहीत.

पण माझ्या अहवालाने समितीत वेगळीच खळबळ उडाली. जीपीएस बसवल्यापासूनच्या सात वर्षांत एकाही अहवालात प्रवासी हा शब्द आला नव्हता. हा कोण, तो बसकडे का येत होता आणि असे आणखी किती आहेत, हे बघायला समितीने एका तपासनिसांना पाठवलं. त्यांच्याकडे बावीस रकान्यांचा छापील अर्ज होता. काय होतं ते बघायला मीही रजा काढून छापखान्याच्या थांब्यावर गेले. इतकी घाबरलेली मी पूर्वी कधी नव्हते.

पाटीवर २९ थांब्यावर असं आलं. तपासनिसांनी पाटी पाहिली, मग सायकल पाहिली, मग सायकलीच्या टोपलीतलं यंत्र टॉवेल बाजूला करून पाहिलं आणि त्याचा क्रमांक आपल्या अर्जावरच्या क्रमांकाशी ताडून घेतला. जुळला. त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

“आरसे?” त्यांनी विचारलं.

“एक,” बाबा म्हणाले. “उजवा.”

“भोंगा?” बाबांनी घंटी वाजवली. “संकटकालीन दरवाजा?”

बाबांनी विचार केला. “सगळीकडून,” ते म्हणाले.

तपासनिसांनी ते लिहून घेतलं. मग अर्ज छातीशी धरून ते सगळ्यांबरोबर चालत इस्पितळापर्यंत आले. वाटेत त्यांनी प्रत्येकाचा पास पाहिला. रोपवाटिकेतल्या नवऱ्याचा पास कालच संपला होता; त्यांनी त्याला बागेच्या फाटकाशी उतरवलं. तो पुढच्या थांब्यापर्यंत पलीकडच्या फुटपाथवरून आमच्याबरोबरच चालत आला. आसनांच्या रकान्याशी ते बराच वेळ अडले. कॅरिअरवर बसता येईल का, असं त्यांनी विचारलं. तिथे बॅटरी असते, असं बाबा म्हणाले. मग त्यांनी लिहिलं : आसने शून्य. उभे प्रवासी सात. चालत्या प्रवाशांसाठी अर्जात रकाना नव्हता. बाईंनी वाकून अर्ज वाचला आणि त्यांचं शून्य नीट गोल आलेलं नाही असं सांगितलं. त्यांनी ते पुन्हा काढलं.

आठ दिवसांनी आदेश आला. एकोणतीस नंबरच्या बसमध्ये एकही आसन रिकामं नसून सर्व प्रवासी उभ्याने प्रवास करत आहेत. गर्दी क्षमतेबाहेर आहे. सबब या मार्गावर तात्काळ एक जादा बस देण्यात येत आहे. खाली बारीक अक्षरांत अट होती. जादा बस ही मूळ बसला जोड म्हणून असते. मूळ बस बंद झाल्यास जादा बसही बंद होईल.

बाबांनी तो कागद दोनदा वाचला. मला वाटलं त्यांना वाईट वाटेल. त्यांनी उठून सायकलीच्या चाकांत हवा भरली. दुसऱ्या दिवशी दाराशेजारच्या खिळ्यावर छत्री नव्हती. बिल्लाही नव्हता. तो त्यांच्या शर्टावर होता.

माझा रकाना मात्र मला आवरता आला नाही. तो एकदा तक्त्यात गेल्यावर सगळ्याच चालकांना दिसायला लागला आणि ते तो भरायला लागले. पंधरा दिवसांत शहराचा टक्का एक्क्याण्णववरून चौऱ्याऐंशीवर आला. प्रवासी येत होता, प्रवासी येत होता, आजोबा येत होते, एक मुलगी येत होती पण ती दुसऱ्याच बसची निघाली. टक्केसाहेबांनी भिंतीवरचा आलेख उतरवला आणि कपाटाच्या मागे ठेवला. नियम क्रमांक चार अजून दारावर आहे.

जादा बस सुरू झाली त्या सकाळी मी पुन्हा छापखान्यासमोर उभी होते, या वेळी कामावर. बस निळी, धुतलेली, रिकाम्या आसनांची होती. ती बरोबर नऊ वाजून दहा मिनिटांनी आली. परिचारिका, चष्मेवाला आणि कारकून चढले. बस लागणारा कारकून खिडकीशी बसला आणि लगेच त्याने डोळे मिटून घेतले. भूगोलाच्या बाई कोपऱ्यावरून वळताना दिसल्या. चालक तरुण होता. त्याने घड्याळ पाहिलं, बाई पाहिल्या आणि इंजिन बंद केलं. पाच मिनिटं झाली, सहा झाली. बाई आल्या, दारापाशी थांबल्या आणि त्यांनी आत डोकावून आसनांकडे नीट पाहिलं.

“छान आहे,” त्या म्हणाल्या. “तुम्ही व्हा पुढे. माझी मागून येतेय.”

चालकाने माझ्याकडे पाहिलं. उशीर तर झालाच होता. येत होता ते ठीक, पण आला आणि चढला नाही, हे कुठल्या रकान्यात भरायचं, असं त्याने मला विचारलं. मी म्हणाले, सोमवारपर्यंत बघते.

बस गेली. बाईंनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि आम्ही दोघी पाटीकडे बघत उभ्या राहिलो. मूळ एकोणतीसचा ठिपका मी माझ्या फोनवर उघडला. तो टाकीपासून निघाला होता आणि दुसऱ्या थांब्यावर येऊन थांबला होता. चार मिनिटं झाली तरी हलत नव्हता. कोणासाठी, ते इथून दिसत नव्हतं.